डावीकडची सीट

काकूंना कुणी 'थँक्यू' म्हटलं की त्या माशी हाकलल्यासारखा हात हलवायच्या आणि म्हणायच्या, "आभार राहू देत, ते टोक धर." टोक कशाचंही असायचं. पलंगाचं, कपाटाचं, गुंडाळलेल्या गालिच्याचं, एकदा तर पियानोचं.

एर्लांगेनच्या स्टेशनवर मी पहिल्यांदा उतरले, तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकलेले पहिले शब्द हेच. मी मेहकरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे परदेशात निघताना कुणाला काय विचारायचं हेसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर एवढंच कळलं होतं की काकू घ्यायला येतील. मी मनात एक पोक्त, शाल पांघरलेली बाई उभी केली होती. प्रत्यक्षात फलाटावर माळीकाम करणारे घालतात तसला हिरवा डगला, कपाळावर टिकली आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक दुमडलेली गादी, अशा थाटात एक बुटकी बाई उभी होती. मी वाकून नमस्कार केला, तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लांब आलात वगैरे सुरू केलं, तर त्यांनी गादीकडे बोट दाखवलं आणि ते वाक्य टाकलं. मी टोक धरलं. पाठीवर बॅग, मागे चाकाची सुटकेस आणि मध्ये गादी, असे आम्ही भुयारी रस्त्यातून बाहेर पडलो. कुणाची तरी गादी पोचवायची असेल आणि त्याच फेरीत मलाही सोडायचं असेल, असं मला वाटलं. ती गादी माझीच होती, हे खोलीवर पोचल्यावर कळलं. खोलीत दुसरं काहीच नव्हतं. छताला बल्बसुद्धा नव्हता, नुसत्या दोन तारा लोंबत होत्या. इथे घर सोडणारी माणसं कधीकधी स्वयंपाकाचा ओटादेखील उचकटून नेतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनी डगल्याच्या खिशातून बल्ब काढला.

काकूंच्या खिशात आणि पर्समध्ये काय असायचं हा मंडळात थट्टेचा विषय होता. दोर नेहमी असायचा. लग्नाला, बारशाला, दिवाळीच्या कार्यक्रमाला, जरीच्या साडीवरसुद्धा पर्समध्ये सुताचा दोर. जुन्या नऊवारीच्या पट्ट्या असायच्या, टेबलाच्या पायांना गुंडाळायला. कुणाच्या घरी जेवायला गेल्या की आधी जिना बघायच्या. स्वयंपाक कसा झाला हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही, पण जिना राहायचा. "त्यांच्याकडे ना, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोफा अडकेल," असं त्या परतताना सांगायच्या, आणि यजमानांकडे अजून सोफा नसायचा.

चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून सांगलीहून आल्या होत्या. इथल्या मोठ्या विद्युत कंपनीत आराखडे काढायचं काम केलं. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. शहराबाहेर एका खेड्यात घर, दारात आलुबुखाराचं झाड, आणि घराखाली केलर, म्हणजे तळघर. त्या केलरात खुर्च्या, खाटा, गाद्या, वॉशिंग मशीनं असं सगळं मालकांची वाट बघत बसलेलं असायचं. पुण्यामुंबईहून नोकरीला आलेली कुटुंबं, माझ्यासारखी संशोधनाला आलेली मुलं, कुणीही आलं की केलरातून सामान निघायचं, आणि गाव सोडून चाललं की परत केलरात यायचं. नवी गादी विकत घेतलेली त्यांना अजिबात खपत नसे. एका इंजिनिअरने हौसेने घेतली, तर त्याच्याशी त्या दिवाळीपर्यंत तुटक बोलत होत्या.

हे सगळं चालायचं ते त्यांच्या जुन्या लांबोड्या गाडीवर. टपावर सामान ठेवायची लोखंडी घोडी बसवलेली होती, तिच्यावर सगळं दोराने आवळायचं. मग एका वर्षी ईस्टरच्या आधी दोन गोष्टी झाल्या. गाडी तांत्रिक तपासणीत नापास झाली, आणि गाडीच्या टपावरून कपाट उतरवताना काकू पडल्या. उजवं मनगट मोडलं.

त्यांचा मुलगा म्युनिकला असतो. इथेच जन्मलेला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. काकू मराठीत विचारायच्या, तो जर्मनमध्ये सांगायचा, आणि दोघांना त्यात काही विचित्र वाटत नसे. मनगटाला प्लास्टर असताना तो आला आणि स्वयंपाकघरात बसून त्याने शांतपणे सांगितलं की घर विकून टाक, माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर जागा रिकामी होते आहे, हिवाळ्याच्या आत ये. मी तिथे भाजी चिरत होते. काकू म्हणाल्या, तिथे केलर केवढा आहे? तो म्हणाला, सायकल मावेल एवढा. शेवटी त्यांच्यात एक ठरलं. टपावर काही चढवावं लागणार नाही अशी गाडी काकूंनी शोधायची. ती गाडी चालवताना त्याने स्वतः बघायचं. त्याला पटलं तर घर राहील. नाही पटलं तर काकूंनी वाद न घालता म्युनिकला जायचं.

तो गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "इथे मी काकू आहे. तिथे मी कुणाची तरी आई होणार." त्यात तक्रार नव्हती. एखादं माप सांगावं तसं सांगितलं.

जपानी मिनी ट्रकचं चित्र त्यांनी कुठे पाहिलं कोण जाणे. दप्तराएवढं तोंड, मागे सपाट हौदा, तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडतात, आणि हौद्याची उंची काकूंच्या कमरेएवढी. उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. मुलाने विचारलं, भाड्याची व्हॅन का नको. काकूंचं म्हणणं, भाड्याच्या गाडीत बसलं की माणूस सामानाकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. शिवाय जुन्या शहरातल्या बोळांत व्हॅन शिरत नाही. तेव्हा ठरलं, जपानी. पण कुठला? तिथून आणलेल्या जुन्या गाड्या जर्मनीत इकडे तिकडे विखुरलेल्या. त्या उन्हाळ्यात आम्ही रेल्वेने, बसने गाड्या बघत हिंडलो. आम्ही म्हणजे काकू आणि मी. माझी निवड का झाली, तर माझे वडील मेहकरला मालाचा टेम्पो चालवतात. मी सांगून बघितलं की मी प्लास्टिकच्या रेणूंवर काम करते, मला इंजिनातलं काही कळत नाही. काकू म्हणाल्या, "कळायला नकोच. तू लहानपणापासून अशा गाडीत बसलीयेस. तुझ्या चेहऱ्यावरून मला कळेल."

गाडी बघायला जायची काकूंची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. त्या सकाळी उठून पोहे करायच्या. स्टीलच्या डब्यात पोहे, वेगळ्या पुडीत शेव, लिंबाच्या फोडी, चमचे. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, "अगं, बघायला जायचं आणि पोहे नाहीत?" मुलगी बघायला गेल्यावर पोहे मुलीकडचे देतात, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "इथल्या लोकांना येतात का पोहे? मग कुणीतरी करायलाच हवेत ना." विकणाऱ्याने हौद्याची फळी पाडायची, तिच्यावर सगळ्यांनी बसायचं, पोहे खायचे, आणि मग गाडीबद्दल बोलायचं. फळीवर तिघं बसल्यावर गाडी किती दबते, फळीची बिजागरी कुरकुरते का, बसलेल्याचे पाय जमिनीला टेकतात का, हे सगळं पोहे खाताखाता कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पोहे झाले की डब्याच्या पिशवीतून सतरंजी निघायची. इथल्या नेहमीच्या गादीच्या मापाची त्यांनी ती शिवून घेतली होती. हौद्यात सतरंजी पसरली आणि कुठे दुमडली नाही तर गाडी पास. त्यानंतर फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक. ते घेऊन काकू पत्र्यावर सगळीकडे फिरवायच्या. जिथे चिकटत नाही तिथे गंज खरवडून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे, असं समजायचं. ते चुंबक गणपतीच्या आकाराचं होतं, त्यामुळे विकणाऱ्यांना वाटायचं की ही बाई गाडीला आशीर्वाद देते आहे. कुणी हरकत घेत नसे.

पहिली गाडी बाड हॉम्बुर्गला पाहिली. चकचकीत पांढरी, जंगलात शिकारीला जाणाऱ्यांसाठी उंच करून मोठी चाकं लावलेली. विकणारा तरुण सुटाबुटात होता. त्याने फळी पाडली, पण फळी काकूंच्या छातीला लागली. पोहे उभ्याने खावे लागले. काकूंनी दोनदा आत चढायचा प्रयत्न केला, मग मनगट धरून खाली उभ्या राहिल्या आणि त्याला गोड आवाजात म्हणाल्या की गाडी फार देखणी आहे, हिला एखादा उंच मुलगा बघा. त्याला काही कळलं नाही. पोहे मात्र त्याने दुसऱ्यांदा घेतले.

दुसरी एका मधमाश्या पाळणाऱ्या आजोबांची, रेगेन्सबर्गच्या अलीकडे. हिचं इंजिन हौद्याच्या खाली, अगदी मागे, त्यामुळे पुढे बसलं की आवाज येत नाही, असं आजोबा कौतुकाने सांगत होते. मध आणि धुराचा वास पत्र्यात मुरलेला. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखवली. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, स्टेअरिंग तर आपल्यासारखंच उजवीकडं हाये." मला का कोण जाणे, एकदम भरून आलं. सतरंजी नीट बसली. पण गणपती खालच्या बाजूला कुठेच चिकटेना. गाडी जपानातल्या कुठल्या तरी समुद्राकाठच्या गावातली असावी, काकू म्हणाल्या, खारं वारं खालून खाऊन गेलंय. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी त्यांच्याकडून मध घेतला आणि उरलेल्या पोह्यांचा डबा आजोबांकडेच राहिला. तो आणायला त्या पुढच्या आठवड्यात परत गेल्या. मला वाटतं त्यांनी तो मुद्दामच ठेवला होता.

अशा आणखीही पाहिल्या. एकीत सतरंजी दुमडली, एकीची फळी गंजून बसलेली. एकीचे कागदच नव्हते, आणि बाहेरून आणलेल्या अशा गाडीची इथे खास तपासणी करून घ्यायची तर हिवाळा उजाडला असता. ऑगस्ट संपत आला. म्युनिकहून रविवारचा फोन आला की काकू हवेबद्दल फार बोलायला लागल्या.

मग ती सापडली. एर्लांगेनपासून फार लांब नाही, फ्रँकोनियातल्या एका खेड्यात रोपवाटिका होती, म्हातारी मालकीण धंदा बंद करत होती. करड्या निळ्या रंगाची गाडी. दिवे इथल्या नियमाप्रमाणे बदललेले, धुक्यासाठी मागे लाल दिवा लावलेला, कागद सगळे झालेले. इंजिन सीटखाली, त्यामुळे बसलं की शेगडीवर बसल्यासारखं गरम लागायचं. काकू म्हणाल्या, हिवाळ्यात बरंच आहे. सतरंजी अशी बसली की जणू त्या हौद्यासाठीच शिवली होती. गणपती जिथे ठेवावा तिथे चिकटला. फळीवर बसून मालकीणबाईंनी पोहे खाल्ले आणि विचारलं की ही हळद का. काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय म्हणत होता मला माहीत नाही, पण त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला.

तो पुढच्या शनिवारी आला. काकूंनी सकाळी परत पोहे केले. तो स्वतःच्या गाडीतून मागून येणार आणि काकू ट्रक चालवणार, मी शेजारी. मिनी ट्रकमध्ये दोनच माणसं बसतात. आधीच्या गाड्या काकूंनी अंगणात पुढेमागे करून पाहिल्या होत्या, रस्त्यावर अशी पहिलीच. मनगटाचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, डॉक्टरांची परवानगी होती, आणि चाळीस वर्षं त्यांनी या देशात गाडी चालवली होती. मला काळजी नव्हती. मुलगा मात्र रोपवाटिकेच्या फाटकाशी उभा राहून एकसारखा किल्ली बोटाभोवती फिरवत होता.

काकू उजवीकडे चढल्या, मी डावीकडे. त्यांनी डावा हात गिअरवर ठेवला आणि हसल्या. "अगं, हा हात विसरलाच नाहीये," म्हणाल्या. सांगलीला मामाच्या जीपवर त्या शिकल्या होत्या. गाडी फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली. उन्हं चांगली होती, दोन्ही बाजूंना मका उभा. काकू मामाबद्दल सांगायला लागल्या, मामा कसा पत्र्याचा डबा बॉनेटवर ठेवायचा आणि तो पडला की मागच्या सीटवरून टपली मारायचा. माझ्या खिडकीखाली गवत मागे पळत होतं, काकूंच्या पलीकडे रस्ता होता. बाबांच्या टेम्पोत मी कायम असंच बघत आले. माझ्या बाजूला गवत, त्यांच्या बाजूला रस्ता. इतकं बरं मला त्या देशात आल्यापासून कुठल्याच गाडीत वाटलं नव्हतं.

समोरून एक ट्रॅक्टर आला, आमच्याच बाजूने. काकूंना राग आला. "अहो, आपल्या बाजूनं चालवा की," त्या काचेतून त्याला म्हणाल्या, मराठीत. मीही मान हलवली. किती बेजबाबदार माणूस, असंच मला वाटलं. ट्रॅक्टर थांबला. आम्ही थांबलो. दोघांच्या मध्ये एखादी म्हैस आडवी उभी राहील एवढंच अंतर उरलं होतं.

शेतकरी खाली उतरला. इथल्या सवयीप्रमाणे तो डाव्या खिडकीशी आला आणि मला बोलायला लागला. मी दोन्ही हात वर करून दाखवलं की माझ्याकडे स्टेअरिंगच नाही. तो बिचारा बोलता बोलता थांबला, वाकून माझ्या पलीकडे पाहिलं, आणि त्याला काकू दिसल्या. त्यांना तोवर उलगडा झाला होता. चेहरा पार उतरला होता.

"बाई," तो म्हणाला, आणि राग आवरून बोलला हे कळत होतं, "आपण इंग्लंडात नाही."

"नाही," काकू म्हणाल्या, त्याच्याच खेडवळ जर्मनमध्ये. "आम्ही सांगलीत होतो."

मागून मुलाची गाडी येऊन थांबली. त्याने धोक्याचे दिवे लावले आणि चालत आला. काकूंनी ट्रक मागे घेऊन शेताच्या तोंडाशी उभा केला, इंजिन बंद केलं, आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. मी म्हणाले की माझ्याही लक्षात आलं नाही, खरंच आलं नाही. मुलगा माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. माझ्या बोलण्याने काकूंची बाजू सावरत नव्हती, हे मलाही समजत होतं.

"बघितलंस ना," शेवटी काकू म्हणाल्या. "डोकं इथलं आहे, हात तिथले. ही गाडी मी चालवायची नाही."

"या, मामा," तो जर्मनमध्ये हळूच म्हणाला. म्हणजे, हो, आई.

मग त्यांनी किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. "घे. चालवून बघ. गाडीचा काही दोष नाही."

मला वाटलं तो नको म्हणेल. तो क्षणभर उभा राहिला, मग उजवीकडे चढला. मी उतरले, काकू डावीकडे येऊन बसल्या. त्याने गिअर शोधायला उजवा हात टाकला तो दारावर आपटला. दोन आचके देऊन गाडी निघाली, आणि गेली ती थेट रस्त्याच्या उजव्या अंगाने, जशी जायला हवी तशी. त्याला विचारही करावा लागला नाही. त्याच्या हातांत सांगली नव्हतीच.

मी आणि शेतकरी रस्त्याच्या कडेला राहिलो. पोह्यांचा डबा माझ्याकडे होता. दुसरं काय करावं सुचेना, म्हणून मी तो उघडून त्याच्यापुढे केला. त्याने आधी संशयाने पाहिलं, मग ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाल्ले. वाट बघता बघता डबा संपला.

ते बऱ्याच वेळाने परत आले. गाडीत काय बोलणं झालं हे काकूंनी मला पुष्कळ दिवसांनी, एक फडताळ उतरवताना सांगितलं. मुलगा म्हणाला होता की फोन वाजला की मला भीती वाटते, तू कुठे पडली असशील असं वाटतं. ते त्याने मराठीत सांगितलं होतं. "मी म्हटलं, मग फोन करू नकोस. येत जा."

त्या दिवशी मात्र, आम्ही रोपवाटिकेत परतल्यावर, मला एवढंच दिसलं की काकू डाव्या सीटवरून उतरल्या, रोपवाटिकेच्या मालकीणबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, चला, घेतली." मुलगा मागून म्हणाला, पण चालवणार कोण? काकू वळल्या नाहीत. "तू," म्हणाल्या. "तू नसशील तेव्हा इथे वाढलेलं दुसरं कुणी. तिकडून आलेला कुणी चालवणार असेल तर शेजारी मी. एकट्याने नाही." मग जरा थांबून, "पटलं तर बघ. नाहीतर शब्द दिलाय तसा येते म्युनिकला."

मुलगा त्या करड्या निळ्या गाडीकडे बघत राहिला. त्याच्या तळव्याला गंजाचा तांबूस रंग लागला होता, तो त्याने पँटला पुसला. "शनिवारी," तो म्हणाला, मराठीत. "मी शनिवारी येतो."

घराचा विषय त्यानंतर निघाला नाही.

त्या गाडीने मग किती जणांची घरं लावली. डावीकडची सीट काकूंची झाली. मांडीवर डबा, पायाशी दोर, आणि प्रत्येक वळणाच्या अलीकडे शांतपणे एक शब्द: "उजवीकडे." मुलगा चालवत असला तरी म्हणायच्या. त्याला गरज नव्हती, पण त्याने कधी नको म्हटलं नाही. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात त्यांनी चिठ्ठीवर तोच शब्द लिहून चिकटवला, मराठीत. कुणीतरी विचारलं की जर्मनमध्ये का नाही, तर म्हणाल्या, "हातांना जर्मन येत नाही."

माझा प्रबंध झाला आणि मला रेगेन्सबर्गला नोकरी लागली, तेव्हा माझा उम्त्सुग, म्हणजे घर हलवणं, त्याच गाडीतून झाला. मोठ्या रस्त्यावर ती गाडी धापा टाकते, म्हणून मुलाने ती गावागावांतून नेली, आणि काकूंनी वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर आपला शब्द उच्चारला. मी मागून रेल्वेने गेले. माझी ती पहिली गादी रेगेन्सबर्गला आली नाही. आदल्या आठवड्यात नांदेडहून एक मुलगी आली होती. काकू तिला घ्यायला स्टेशनवर गेल्या तेव्हा गादीच्या दुसऱ्या टोकाला मीच होते.

काकूंचे आभार मानायचे मी पुष्कळ प्रयत्न केले. शब्द पाठ करून गेले, एकदा साडी घेऊन गेले. साडीच्या त्यांनी माझ्यादेखत पट्ट्या केल्या नाहीत एवढंच. मी काय सांगू पाहत होते ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ऐकून घ्यायला त्यांचे हात कधी मोकळे नसत.

मागच्या सुट्टीत मी मेहकरला गेले. स्टँडवर बाबा टेम्पो घेऊन आले होते. मी डावीकडे बसले. टेम्पो सुरू झाला, चौकाशी आला, बाबा वळायला लागले, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उजवीकडे."

बाबांनी कचकन ब्रेक मारला. "काय झालं? कोण आहे?"

मला हसू आवरेना. मग घरी पोचेपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. गादी, बल्ब, सतरंजी, सांगली, ट्रॅक्टर. बाबा मध्येमध्ये हसत होते. बाबांना माझ्या शिक्षणातलं फारसं विचारता येत नाही. तिकडे थंडी किती आणि जेवलीस का, यापलीकडे फोनवर आमचं बोलणं जात नाही. दारात टेम्पो उभा करून ते म्हणाले, "त्या बाईंनी तुला पहिल्या रात्री गादी दिली, हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस." मी म्हणाले, तुम्हाला काळजी वाटली असती, की पोरीला गादीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि एक दोर घेऊन आले. चांगला पिळाचा, जाड, सुती. त्याला आमच्या घरातल्या गोठ्याचा वास लागू नये म्हणून आईने तो जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधला. विमानतळावर तपासणीवाल्याने बाहेर काढून हे काय म्हणून विचारलं. मी म्हणाले, दोर आहे, एका काकूंसाठी.

रेगेन्सबर्गहून मी पहिल्याच शनिवारी त्यांच्याकडे गेले. अंगणात ट्रक उभा होता, हौद्यात एक वॉशिंग मशीन, मुलगा फळी लावत होता. काकू हल्ली काठी घेतात. मी अभ्रा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, बाबांनी दिलाय. आता माशी हाकलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी दोर बाहेर काढला, बोटांनी पीळ चाचपला, काठी माझ्याकडे दिली, आलुबुखाराच्या झाडाला एक वेढा घातला आणि सगळा भार टाकून मागे रेलल्या. झाड हललं, दोर हलला नाही.

"लाव फोन," म्हणाल्या.

मेहकरला संध्याकाळ होती. बाबा टेम्पोपाशीच होते. काकू पडद्यावर दिसताच त्यांनी टोपी नीट केली, आणि मला कळलं की ते दोर घेतल्या दिवसापासून काहीतरी बोलायचं ठरवून आहेत. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही आमच्या पोरीला..."

काकूंनी थांबवलं नाही. त्यांना बोलू दिलं. बाबांना पुढचे शब्द सापडत नव्हते, ते तसेच उभे राहिले, आणि काकूही माझ्या हातातल्या फोनसमोर तशाच उभ्या. एवढा वेळ रिकाम्या हातांनी उभ्या राहिलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दादा," मग त्या म्हणाल्या, "पोचलं बरं का. दोर उत्तम आहे. तुम्ही गाठ कुठली मारता? ओली झाली तरी सुटणारी?"

बाबांचा चेहरा मोकळा झाला. ते टेम्पोच्या कडीपाशी गेले, फोन आईच्या हातात दिला आणि दोर घेऊन सावकाश दाखवू लागले, असा वेढा, अशी अढी, मग हे खालून. काकूंनी माझ्याकडून फोन घेऊन हौद्याच्या फळीला टेकवून ठेवला, वॉशिंग मशीनवरून दोर टाकला, आणि मान न वळवता मला म्हणाल्या, "ते टोक धर."

मी धरलं.